हॅस्किन्स मास्तरांचं हसू

मंगळवारी संध्याकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी हॅस्किन्स मास्तरांना टीव्हीतून स्वतःचं हसू ऐकू आलं. त्या वेळी मास्तर हसत नव्हते. आरामखुर्चीत बसून, वर्तमानपत्र तोंडासमोर उभं धरून ते अलास्कातला तेलाचा नळ कुठून कुठं जाणार याचा नकाशा तपासत होते. त्यातली एक नदी उलट्या बाजूला वाहते आहे हे त्यांनी नुकतंच पकडलं होतं आणि त्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे त्यांच्या मानानं, पसरलं होतं.

ऑक्टोबर होता. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. हा वारा सुटला की ग्लेनडेलची माणसं जमिनीपासून दोन बोटं वर असल्यासारखी वावरतात. बायका भाजीत मीठ दोनदा घालतात, पुरुष पाण्याचा फवारा सुरू करून कशासाठी सुरू केला ते विसरतात. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येक दिवाणखान्यात तोच निळसर उजेड हलत होता, आणि प्रत्येक खिडकीतून तोच हशा एकदमच बाहेर पडून, एखादी लाट किनाऱ्याला लागून परत फिरावी तसा गल्लीतून फिरत होता.

'डूलींचं घर' चालू होतं. दंतवैद्य डूली केकवर बसले. हशा झाला. आणि त्या हशाच्या मधोमध ते आलं. आधी तेल न घातलेल्या दारासारखं एक लांब 'कींऽऽ', मग जिन्यावरून पाय घसरल्यासारखे तीन 'हुप्, हुप्, हुप्', आणि त्यानंतर घोड्यानं पाण्यात नाक बुडवावं तशी एक दणदणीत फुरफुर.

व्हर्नानं विणकाम मांडीवर ठेवलं. "ऑर्विल, हा तू आहेस."

"मी इथं बसलोय," वर्तमानपत्र म्हणालं.

"तू इथं बसलायस आणि तिथं हसलायस."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. माणसाला आपलं नाक ओळखायला आरसा लागतो, पण हसू ओळखायला काही लागत नाही. शिवाय असं हसू मास्तर अख्ख्या आयुष्यात एकदाच हसले होते. सतरा वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली, हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओसमोर त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. आतल्या कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या म्हणून दारावरच्या माणसानं हात धरधरून रस्त्यावरची माणसं आत बसवली, त्यात हे नवराबायको. रंगमंचावर एक बारीकसा माणूस आला. तो एक अक्षर बोलला नाही. आणि मास्तर हसले. डोक्यावर तारांना फळं लोंबावीत तसे ध्वनिग्राहक लोंबत होते, एवढं त्यांना अंधुक आठवत होतं.

"ते हसू मी त्या माणसाला दिलं होतं," मास्तर म्हणाले. "केकवर बसणाऱ्याला नाही."

"मग पत्र लिही," व्हर्ना म्हणाली आणि तिनं टाके मोजायला सुरुवात केली. पुढचं सगळं या तीन शब्दांनी झालं.

मास्तरांच्या मानहानीचं गांभीर्य कळायला एक गोष्ट सांगायला हवी. एकतीस वर्षं सातवी-आठवीला भूगोल शिकवणाऱ्या या गृहस्थांना शाळेत 'हिमनदी' म्हणत. थंड, संथ, आणि वाटेत येईल त्याला सपाट करणारी. हे नाव मास्तरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हिमनदीला एक प्रतिष्ठा असते. अशा माणसाचं हसू, आणि तेही घोड्याच्या फुरफुरीसकट, दर मंगळवारी केकाखाली, कुत्र्याखाली आणि एकदा तर तुंबलेल्या मोरीखाली वाजत होतं.

सकाळी कुंपणापाशी मिसेस बेद्रोसियन भेटल्या. या शेजारीण आर्मेनियन. बाई तळहातावर पाकलावा या मिठाईची बशी आणि जिभेवर सल्ला घेऊनच घराबाहेर पडत.

"ऑर्विल जान, व्हर्नानं सांगितलं मला. कोर्टात जा! माझ्या चुलतभावाचा फोटो असाच बेदाण्याच्या खोक्यावर छापला होता. न विचारता!"

"मग कोर्टानं काय केलं?"

"कोर्टात कोण गेलं? त्यानं ते बेदाणे खायचे सोडले. पण तू जा. तू शिकलेला आहेस. आणि हे खा, तुझा चेहरा उतरलाय."

"माझा चेहरा असाच आहे, मिसेस बेद्रोसियन."

"म्हणूनच म्हणते, खा."

एवढ्यात पलीकडून क्लेटन प्रूइट आले. हे निवृत्त सुतार. उभा जन्म त्यांनी स्टुडिओत खोट्या घरांना खरी दारं बसवण्यात घालवला होता, आणि आता खऱ्या घराचं दार लागत नसलं तरी त्यांना त्यात रस नव्हता. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं.

"हे बघा, मालिका दोन तऱ्हेच्या. एकीत समोर खरे प्रेक्षक बसवतात, तीन-चार कॅमेरे लावतात आणि नाटकासारखं एका दमात उरकतात. दुसरी सिनेमासारखी. एकच कॅमेरा. आज दार उघडायचं, परवा त्या दारातून आत यायचं. तिथं प्रेक्षक बसवून काय उपयोग? झोपतील. मग हसू नंतर ओततात. पेटीतून."

"पेटीतून?"

"पेटी असते. बटणं असतात. हे दाबलं की बायका हसतात, ते दाबलं की सगळे. 'डूली' त्यातलीच. तिथं समोर काळं कुत्रं नसतं हो! मीच बांधलंय ते स्वयंपाकघर. डूली जिथं बघून हसतो ना, तिथं माझी शिडी होती."

"म्हणजे ती मिसेस डूलीची चूल खोटी?" मिसेस बेद्रोसियननी विचारलं. या प्रकरणात खरा धक्का बसला असेल तर तो त्यांना. त्या चुलीसारखी चूल घ्यावी म्हणून त्या दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

मास्तरांना वाटलं, ही गोष्ट जर जगाला कळली तर केवढा गहजब होईल! तेव्हा आधी जगाचं मत घ्यावं. जग म्हणून त्यांच्या हाताशी सातवीचा वर्ग होता. त्यांनी पर्जन्यछायेचा प्रदेश अर्ध्यावर सोडला आणि बत्तीस मुलांना विचारलं, "टीव्हीवर विनोद झाला की हसतं कोण?"

वर्गाला हा प्रश्न कुठल्या धड्यावरचा ते कळेना.

"कुणी हसतं का, सर?" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं.

"म्हणजे काय? इतका मोठा हशा होतो!"

"हो का? मी नीट ऐकीन आता."

दुसरा म्हणाला, "शेजारचे लोक असतील, सर. डूलींचे." हे उत्तर बहुतेकांना पटलं. मास्तरांनी मग पेटीबद्दल सांगितलं, फसवणूक हा शब्द वापरला, फळ्यावर लिहिला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला आणि परीक्षेला येणार का, एवढंच विचारलं.

पण त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मास्तर भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर उभे राहिले आणि बराच वेळ तिथंच राहिले. बाहेर गरम वाऱ्यानं झेंड्याची दोरी खांबावर टकटकत होती. मास्तर कॅलिफोर्नियाबाहेर कधी गेले नव्हते. एकदा नेवाडाच्या हद्दीवर फोटो काढला होता, तोही अलीकडे उभं राहून. आणि त्यांचं हसू? ते दर मंगळवारी मेन राज्यातल्या खेकडे पकडणाऱ्यांच्या घरात जात होतं. मिसिसिपी ओलांडत होतं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतात एखादं एकटं घर असेल, त्याच्या खिडकीतून बाहेर पडून दूर अंधारात विरत होतं. अलास्कात बर्फाखाली गाडलेल्या झोपडीत, मास्तरांनी ज्या नद्या फक्त खडूनं काढल्या त्या नद्यांच्या काठी, ते 'कींऽऽ' करून दार उघडत होतं. मास्तरांनी बोट नकाशावर ठेवलं आणि त्या वाटेनं फिरवत फिरवत पार कॅनडाच्या टोकापर्यंत नेलं. शिपाई खोली झाडायला आला तेव्हा ते हडसनच्या उपसागरात होते.

पत्र मात्र त्यांनी लिहिलं, आणि कडक लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. त्यात मालिकेतल्या 'बिस्किट' नावाच्या कुत्र्याचा फोटो होता आणि खाली पंजाचा ठसा. 'तुमच्या प्रेमाबद्दल बिस्किट आभारी आहे.' मास्तरांनी दुसरं पत्र लिहिलं. उत्तरादाखल बिस्किटच्या चाहत्यांच्या संघाचं सभासदपत्र आलं, 'चि. ऑर्विल' या नावानं. तिसरं पत्र मास्तरांनी लाल शाईत लिहिलं. तेव्हा मात्र एक चार पानी अर्ज आला. 'ध्वनीवरील मालकीहक्काचा दावा.' हसणाऱ्याचं नाव, हसल्याची तारीख, हसण्याचं कारण (थोडक्यात), आणि शेवटी: 'सदर हसू अर्जदाराचंच असल्याबद्दल नोटरीचा दाखला जोडावा.'

गल्लीत बातमी पसरलीच होती. मंगळवारी आठ वाजता लोक कान देऊन बसू लागले. "आज दोनदा हसलात, मास्तर!" "आज जरा घसा बसल्यासारखा वाटला." मिसेस बेद्रोसियन तर डूली केकजवळ गेला की खिडकीतून ओरडत, "ऑर्विल जान, तयार राहा!" पण हे कौतुक तीन आठवडे टिकलं. चौथ्या मंगळवारी दुसऱ्या चॅनेलवर मुष्टियुद्ध होतं, आणि गल्ली तिकडे गेली.

नोटरी बसत तो कोपरा बँकेत, नाण्यांच्या खिडकीशेजारी होता. मिस्टर फेन्स्टर हे अत्यंत सज्जन आणि त्यामुळेच अत्यंत त्रासदायक गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

"मिस्टर हॅस्किन्स, माझ्यासमोर जे घडतं त्यालाच मी दाखला देऊ शकतो. तुम्ही सही करता, मी बघतो, शिक्का मारतो. इथं विषय हसण्याचा आहे. तेव्हा, हसा."

"इथं?"

"माझा शिक्का इथं आहे."

मास्तरांनी घसा साफ केला. "हा, हा," ते म्हणाले.

फेन्स्टरनी अर्जावर बोट ठेवलं. "तुम्ही वर्णन लिहिलंय, 'दारासारखा आवाज, त्यानंतर घोडा.' यात घोडा नव्हता."

मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. तोंड उघडलं, खांदे हलवले. बाहेर आला तो आवाज कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यासारखा होता. मागे रांग वाढत चालली होती. रांगेतल्या एका बाईंनी सुचवलं, गुदगुल्या करून बघा. एका म्हाताऱ्यानं दोन आयरिश माणसांचा विनोद सांगायला घेतला आणि शेवट विसरला. फेन्स्टरनी स्वतः टेबलावरच्या दिनदर्शिकेतला त्या दिवसाचा विनोद शोकसंदेश वाचावा तसा वाचून दाखवला. सगळी बँक हसली. पैसे मोजणारी मुलगी हसली, दारावरचा पहारेकरी हसला. मास्तर तेवढे उभेच राहिले. कानाची पाळी लाल झाली, हातातली टोपी चुरगळली, आणि आत, बरगड्यांखाली, जिथून ते हसू आलं होतं म्हणून त्यांना आठवत होतं तिथं ते शोधत राहिले. तिथं काही नव्हतं.

"मी दाखला नाकारत नाही," फेन्स्टर हळुवारपणे म्हणाले. "पुढे ढकलतो. जमेल तेव्हा या. शुक्रवारी गर्दी कमी असते."

घरी आल्यावर मास्तर कोट न काढता स्वयंपाकघरात बसले. व्हर्ना शेंगा सोलत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, घोड्यासकट.

"मला नवल नाही वाटत," ती म्हणाली. "सतरा वर्षांत या घरात मी ते ऐकलेलं नाही. मला वाटायचं, गेलं कुठं? मग वाटायचं, वय झालं की जात असेल, केसांसारखं."

"मग बोलली नाहीस कधी?"

"काय बोलू? हस बाबा, म्हणू?" तिनं एक शेंग मोडली. "ऑर्विल, तुला ते थांबवायचंय की परत हवंय? एकदा ठरव. मी येते बरोबर."

पत्ता प्रूइटनी दिला. पेटी ज्याची होती त्या माणसासाठी त्यांनी एकदा कपाट केलं होतं. आयरा वॅक्समन, बरबँक, गॅरेजचं दार हिरवं. "बोलत नाही फारसा," प्रूइट म्हणाले, "आणि हसत तर मुळीच नाही."

शनिवारी दुपारी मास्तर शाळेचा करडा कोट घालून, अर्ज खिशात घेऊन व्हर्नाबरोबर निघाले. उन्हानं रस्ता वितळल्यासारखा दिसत होता, आणि दूरचे डोंगर पाण्यात काढल्यासारखे हलत होते. हिरवं दार अर्धं उघडं होतं. आत थंडगार काळोख, फळीफळीवर टेपची चाकं, आणि मधोमध टेबलावर पेटी. टाइपरायटरला आणि बाजाला मूल व्हावं तशी. तिच्यापाशी सपाता घातलेला एक लहानखुरा म्हातारा वाडग्यातल्या चेरी खात बसला होता.

मास्तरांनी भाषण पाठ केलं होतं. "मिस्टर वॅक्समन, माझं नाव ऑर्विल हॅस्किन्स. तुमच्या ताब्यात माझं एक…"

"थांबा." म्हातारा उठला. मास्तरांच्या भोवती एक फेरी मारून त्यानं त्यांचा गळा, नाक, खांदे पाहिले. "बिजागरी," तो म्हणाला. "तुम्ही बिजागरी आहात."

"मी भूगोल शिकवतो."

"सतरा वर्षं मी तुम्हाला ओळखतो. मला वाटायचं, तुम्ही जाडे असाल." वॅक्समननी चेरीचा वाडगा व्हर्नापुढे केला. "बसा, बाई. इथं सगळ्यांना नावं आहेत. ही 'फ्रेस्नोची विधवा'. ही 'दोन नर्सा'. हा 'रविवारचा मामा', याला विनोद उशिरा कळतो. पण यातलं कुठलंही नुसतं दाबलं तर पेटीतलं वाटतं. बिजागरी मिसळली की दार उघडतं. मग लोक आत येतात."

"लोकांना कळतं तरी का?" मास्तर जरा वरच्या पट्टीत म्हणाले. "मी वर्गात विचारलं. शेजाऱ्यांना विचारलं. कुणाला पडलेलीच नाही!"

"नाहीच पडलेली. वीस वर्षांत दोन पत्रं आली मला. एक तुमचं, स्टुडिओनं धाडलेलं. दुसरं आयोवातल्या एका आजीबाईंचं. त्या म्हणतात, तो 'हुप् हुप्' करणारा माणूस आहे ना, त्याला दमा आहे, डॉक्टरला दाखवा." म्हाताऱ्यानं चेरीची बी ओंजळीत टाकली. "त्यांना मी कळवलं, बरा आहे."

व्हर्नानं नवऱ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरी चेरी तोंडात टाकली.

वॅक्समननी टेबलाचा खण उघडून छोटंसं पातं काढलं. "तुमची वस्तू तुमची. कापून देतो. वीतभर पट्टी आहे. मला दाखला नको, तुमचा गळा पाहिला मी. पण पुढच्या मंगळवारचा एक प्रसंग बाकी आहे, तेवढा बघता? नंतर कापू."

त्यांनी दिवा मालवला आणि भिंतीवर चित्र टाकलं. डूलींचं स्वयंपाकघर. आवाज होता, हशा नव्हता. दंतवैद्य डूली, म्हणजे तो पासष्टीचा नट, दारातून आला, टोपी खुंटीला अडकवायला गेला, ती पडली. तो एक वाक्य बोलला. वाक्य अगदीच सुमार होतं. मग तो थांबला. तोंड किंचित उघडं, भुवया वर, नजर समोर, जिथं प्रूइटची शिडी होती तिथं. एक सेकंद. दोन. तीन. कुठंही काही आवाज नाही. मग त्यानं पुढचं वाक्य घेतलं आणि पुन्हा तसाच थांबला.

"हा काय करतोय?" मास्तरांनी विचारलं.

"वाट बघतोय. हसू नंतर येणार, त्याला जागा ठेवावी लागते. तिथं कुणी नसतं. दिवेवाले असतात, पण त्यांना हसायला बंदी. दिवसाकाठी पन्नासदा थांबतो असा."

मास्तर बघत राहिले. त्या अंधारात त्यांना तो माणूस फार लांब, फलाटावर उभा असल्यासारखा वाटला. गाडी येईल म्हणून कुणी सांगितलेलं, आणि गाडी येत नाही. तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा मास्तरांना ते सहन झालं नाही. "अहो, काहीतरी दाबा ना!" ते म्हणाले.

"तुम्हीच दाबा. डावीकडून चौथं."

मास्तरांनी दाबलं. कींऽऽ. हुप्, हुप्, हुप्. फुरर्. आणि भिंतीवरचा तो माणूस, ज्याचं चित्रीकरण महिन्यापूर्वीच संपलं होतं, त्याचे खांदे त्याच क्षणी सैल झाले. ते आधीच तसे झालेले असणार, हे मास्तरांना कळत होतं. तरी पण.

त्यांनी ते पुन्हा दाबलं. मग 'दोन नर्सा' दाबून बघितल्या. 'रविवारचा मामा' त्यांनी अचूक उशिरा दाबला, आणि वॅक्समननी मान डोलावली. दिवा लागला तेव्हा मास्तरांचा कोट खुर्चीवर होता आणि बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या.

"राहू द्या," ते म्हणाले. "पट्टी राहू द्या तुमच्याकडे. मोरीखाली मात्र नको."

"मोरीखाली नाही," वॅक्समननी कबूल केलं.

तेव्हा व्हर्ना म्हणाली, "मिस्टर वॅक्समन, मूळ टेप असेल ना? न कापलेली? मला ती ऐकायचीय. सगळी."

म्हातारा घुटमळला. "जुनी आहे हो. खरखर असेल."

"असू दे."

त्यांनी वरच्या फळीवरून एक चाक काढलं, फुंकर मारली आणि लावलं. खरखर झाली, आणि मग गॅरेजमध्ये सत्तावन्न साल भरू लागलं. खुर्च्या करकरल्या. कुणी खोकलं. हळूहळू हशा, जवळचा, दूरचा. रंगमंचावरचा माणूस बोलतच नव्हता, त्यामुळे खाली शब्द नव्हते. नुसती माणसं, शेकडो, कशाला तरी हसणारी. आणि त्यांच्यातून मास्तर वर आले. टीव्हीवर वाजे त्याच्या तिप्पट, चौपट. कींऽऽ, मग हुप् हुप् करत एक अख्खा जिना, मग फुरफुर, मग पुन्हा पहिल्यापासून. तो आवाज इतका तरुण होता की मास्तरांनी मान खाली घातली. आणि त्याच्या अगदी जवळ, ध्वनिग्राहकाच्या बरोबर खाली, एका बाईचं स्पष्ट कुजबुजणं:

"ऑर्विल! पुरे! लोक बघताहेत."

हसू तिथंच तुटलं. टेप पुढे चालत राहिली. बाकीचे लोक हसत होते.

वॅक्समननी चाक थांबवलं. "म्हणून मी त्याच्या अलीकडेच कापतो," ते सपातांकडे बघत म्हणाले.

गाडीत गरम वारा एका काचेतून येऊन दुसरीतून जात होता. सिग्नल तांबडा होता, हिरवा झाला, मास्तरांनी गाडी हलवली नाही. मागच्यानं भोंगा वाजवला.

"मला आठवत नाही रे," व्हर्ना म्हणाली. "एवढंसं बोलले मी. मला आठवतसुद्धा नाही."

"लोक बघतच होते, व्हर्ना. तुझं चूक नव्हतं."

"बघत होते. मी त्यांच्याचकडे बघत होते. माझ्या टोपीचं पीस वाकडं झालं होतं, आणि पुढच्या रांगेतली ती लांब हातमोजेवाली बाई मागे वळून बघत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तो माणूस काय करत होता तेवढं आठवत नाही. मी बघितलंच नाही. काय करत होता तो?"

"सांगता यायचं नाही. बोलत नव्हता ना."

"मग दाखव."

"इथं?"

दूध घ्यायचं म्हणून त्यांनी बोलता बोलता गाडी वाणसामानाच्या दुकानासमोर लावली होती. शनिवारची दुपार. ढकलगाड्या, पोरं, आइस्क्रीमचे डाग, कलिंगडांचा ढीग. व्हर्ना खाली उतरून गाडीला टेकून उभी राहिली आणि पर्स दोन्ही हातांत धरून नवऱ्याकडे बघू लागली. मास्तरांनी मागच्या बाकावरचा करडा कोट काढला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक फार सभ्य, फार घाईतला भाव आला. कामाला निघालेल्या, थोडा उशीर झालेल्या माणसाचा.

त्यांनी उजवा हात बाहीत घातला. तो नीट गेला. डावा हात मागे नेला. बाही सापडली नाही. त्यांनी कोटाची माफी मागितली, वाकून. पुन्हा हात नेला. बाही सरकली. ते हळूच वळले, तिला चाहूल लागू नये म्हणून, बाहीही वळली. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि बघायला हात उचलला तसा उजवा हातही बाहेर आला. मग वाटाघाटी सुरू झाल्या. मास्तर गोल फिरले, कोट गोल फिरला. एक बाई ढकलगाडीसकट थांबली. दोन पोरं थांबली. दुकानाचा एप्रन लावलेला माणूस कलिंगड हातात घेऊन थांबला. मास्तर त्या तळपत्या उन्हात चवड्यांवर चालत, एका बाहीला फसवून दुसरीत शिरायला बघत होते, आणि भलत्याच भोकातून त्यांचं डोकं आत गेलं.

"व्हर्ना," आतून आवाज आला, "लोक बघताहेत का?"

"पुष्कळ," व्हर्ना म्हणाली. "तू थांबू नकोस."

आत काळोख होता, खडूचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. मास्तरांना काही दिसत नव्हतं. पण बाहेर व्हर्नाला हसू फुटलं होतं. आधी दाबलेलं, मग न दाबता येणारं, मध्येच "अगं आई गं" म्हणून पोट धरलेलं, आणि मग तिची पर्स खाली पडल्याचा आणि तिनं ती न उचलल्याचा आवाज आला. डावी बाही मास्तरांच्या बोटांना लागली होती, अगदी हाताशी होती. ती सापडली नाही असं दाखवून ते पुन्हा उलट्या दिशेनं फिरायला लागले.